रोमन जहाजांचं चौल आपल्या वाड्यांखाली आहे

किहीमला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. टपरीवर कोणीतरी हमखास विचारतं, "बीच सोडून इकडे बघायला काय आहे?" मी चौल सांगतो. ते रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाचे फोटो काढून परत येतात. त्यांची चूक नाही. जुनं चौल दिसतच नाही, ते नारळी-पोफळीच्या वाड्यांखाली आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' हे जहाजवाल्यांसाठीचं माहितीपुस्तक. त्यात कल्याणनंतर लगेच 'सेमुल्ला' येतं. इ.स. १५० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा टॉलेमी त्याला 'सिमुल्ला' म्हणतो. वर हेही सांगतो, की तिथले लोक स्वतः 'तिमुला' म्हणतात, आणि हे त्याला तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांकडून कळलं. म्हणजे आपल्या गावाचा उच्चार इजिप्तमध्ये बसलेला माणूस दुरुस्त करून घेत होता! इकडे कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचं गाव म्हणून 'चेमुल' कोरलंय. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सगळं आपलं चौलच.

पेरिप्लसमधली एक नोंद तर आजच्या बातमीसारखी आहे. कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रपांचं भांडण चालू होतं, त्याचा फटका थेट बंदरांना बसत होता. जकात ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांनी चौलला उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या वस्तीचे पुरावे, परदेशी भांड्यांची खापरं मिळाली. पण खणलं किती, तर जेमतेम काही खड्डे. बाकी सगळं अजून जमिनीतच.

आणि आता ती जमीन विकली जातेय. २०२० ला मांडव्याला रो-रो आली, तेव्हापासून आपल्या तालुक्यात काय चाललंय ते मी नव्याने सांगायला नको. बंगल्याचा पाया, स्विमिंग पूल, बोअरवेल. जेसीबी एका दुपारी दोन हजार वर्षांचे थर उचलतो आणि ती माती दुसऱ्याच कुठेतरी भरावाला जाते. खापर मिळालं तरी ते कुठल्या थरातलं हे मग कोणीच सांगू शकत नाही.

वाडीवाले बोलत नाहीत, कारण भीती. "पुरातत्त्ववाले आले की जमीन गेली." अहो, १०० मीटरची बांधकामबंदी संरक्षित स्मारकाभोवती असते. वाडीत खापर निघालं म्हणून ती आपोआप लागत नाही. हे गावात येऊन कोणी समजावलंय का? ग्रामपंचायतीने बांधकामाचा अर्ज घेताना एवढंच विचारावं, की खणताना काय निघालं, किती खोल निघालं.

ओळखीच्या एका वाडीत विहिरीच्या कामात निघालेली खापरं बांधावर पडून आहेत. उद्या जाऊन फोटो काढतो, खोली लिहून घेतो आणि डेक्कन कॉलेजला पाठवतो. तुमच्याकडे असतील तर फेकू नका, मला इनबॉक्स करा. मालकाचं नाव छापणार नाही.