शस्त्राचा हक्क कोणाचा, आणि मरण कोणाच्या लेकरांचे?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडच्या वाहिन्यांवर दोन दिवस चर्चा होते. तिथली माणसे बंदुकीपायी वेडी झाली आहेत, असा निष्कर्ष काढून विषय मिटवला जातो. दुसरीकडे आपल्याच चळवळीतले तरुण ब्लॅक पँथरच्या हातातल्या रायफलीचे छायाचित्र स्टेटसला ठेवतात, आणि गावात अत्याचार झाला की ‘आम्हालाही शस्त्रपरवाने द्या’ अशी मागणी पुढे येते. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाशी जोडलेल्या आहेत. तो इतिहास नीट समजून घेतल्याशिवाय आपली भूमिका ठरवू नये, असे आम्हाला वाटते.

हक्काचा रंग

अमेरिकेच्या संविधानातली दुसरी दुरुस्ती १७९१ ची. सुव्यवस्थित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक आहे, म्हणून लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर आक्रमण होऊ नये, असा तिचा आशय. ‘लोक’ हा शब्द वाचायला सर्वसमावेशक वाटतो. पण त्यातले लोक कोण, हे पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले. १७९२ च्या मिलिशिया कायद्याने नागरी सेनेत नोंदणी ठेवली ती फक्त धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकांची. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांवर पाळत ठेवणे, पळून गेलेल्यांना पकडणे आणि उठाव चिरडणे ही कामे याच सशस्त्र गोऱ्यांच्या गस्तीपथकांकडे होती. दुसऱ्या दुरुस्तीच्या मुळाशी काळ्या माणसांविषयीची ही भीती होती, अशी मांडणी इतिहासकार कॅरल अँडरसन यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात केली आहे. काही इतिहासकारांना ती पूर्ण मान्य नाही. पण शस्त्र कोणाच्या हाती होते आणि ते कोणावर रोखलेले होते, याबद्दल वाद नाही.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिकत्व नाकारले. नाकारण्याच्या कारणांत एक कारण असे होते की, तो नागरिक ठरला तर त्याला हवे तिथे शस्त्र घेऊन फिरता येईल. म्हणजे शस्त्राचा हक्क नागरिकत्वाची खूण आहे हे न्यायालय मान्य करत होते, आणि नेमक्या त्याच कारणासाठी नागरिकत्व नाकारत होते. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या लोकांना परवान्याशिवाय बंदूक आणि दारूगोळा बाळगायला बंदी घातली. गोऱ्यांना अशी अट नव्हती. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने डझनावारी काळ्या नागरिकांची कत्तल केली. त्या प्रकरणात १८७६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारवर बंधन घालते. खासगी जमावाने कोणाचे शस्त्र हिसकावले तर तिचा उपयोग नाही. कायदा कागदावर सर्वांसाठी आणि अंमल जातीप्रमाणे, हा प्रकार आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

बंदुकीने वाचवलेसुद्धा

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काळ्या समाजाच्या लढ्यात बंदुकीने माणसे वाचवली आहेत. झुंडबळींच्या विरोधात आयुष्यभर लिहिणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्येच प्रत्येक काळ्या घरात स्वसंरक्षणासाठी रायफल असावी असे प्रतिपादन केले होते. कायदा जिथे संरक्षण देत नाही तिथे दुसरे काय करायचे, हा त्यांचा सवाल होता. १९६४ मध्ये लुइझियानात ‘डिकन्स फॉर डिफेन्स’ ही संघटना उभी राहिली आणि तिच्या सशस्त्र पहाऱ्यात नागरी हक्कांचे कार्यकर्ते काम करू शकले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर जानेवारी १९५६ मध्ये बॉम्ब टाकला गेला, तेव्हा घरात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर अहिंसेच्या या पुरस्कर्त्याने पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला.

१९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. कॅलिफोर्नियात तेव्हा उघडपणे भरलेली बंदूक बाळगणे कायदेशीर होते. त्या कायद्याचा आधार घेऊन पँथर पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले. लगेच मलफर्ड विधेयक आले. २ मे १९६७ रोजी पँथर शस्त्रांसह राज्याच्या विधानभवनात गेले आणि त्याच वर्षी तो कायदा झाला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. पाठिंबा देणाऱ्यांत नॅशनल रायफल असोसिएशन होती, म्हणजे आज कोणत्याही निर्बंधाला ‘स्वातंत्र्यावरचा हल्ला’ म्हणणारी तीच संघटना. बंदूक काळ्या हातात दिसताच तिला नियंत्रण हवेसे वाटले. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्या संघटनेत कट्टर गट सत्तेवर आला आणि शस्त्र म्हणजे व्यक्तीचा निरपवाद हक्क, हे तिचे धोरण बनले.

पँथरचा फोटो स्टेटसला ठेवताना हा पुढचा भागही लक्षात ठेवावा. पँथरने मुलांसाठी मोफत न्याहारीही सुरू केली होती. त्या ताटाचे छायाचित्र फारसे कोणी ठेवत नाही.

मुले या वादात कुठे आहेत?

२००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. राजधानी वॉशिंग्टनमधली पिस्तूलबंदी रद्द झाली. घरातली बंदूक सुटी करून किंवा कुलूप लावून ठेवावी, हा नियमही गेला. अपघात टाळण्यासाठी बंदुकीच्या साठवणीचे कायदे करता येतील, असे न्यायालयाने नमूद केले हे खरे. पण मालकाला बंदूक क्षणात हाती यावी हा हक्क ठरला, आणि ती लेकराच्या हाती पडू नये ही बाब राज्यांच्या मर्जीवर राहिली. २०१० मध्ये शिकागोची बंदी गेली, त्या खटल्यातले अर्जदार ओटिस मॅकडोनाल्ड हे वृद्ध काळे गृहस्थ होते. १८६५ नंतर काळ्यांना कसे निःशस्त्र केले गेले, हा इतिहास त्या निकालात आधार म्हणून आला. शोषितांच्या वेदनेचा इतिहास शेवटी बंदुकीच्या बाजारालाही उपयोगी पडला.

आता मरण कोणाच्या वाट्याला आले ते पाहू. २०१२ मध्ये सँडी हूक येथे २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेले. पुढच्या वर्षी खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी वाढवणारे साधे विधेयकही सिनेटमध्ये आवश्यक ६० मते मिळवू शकले नाही. २०२२ मध्ये टेक्सासच्या उवाल्डे गावात १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. सशस्त्र पोलीस एक तासाहून अधिक काळ वर्गाबाहेर थांबले होते. ‘चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की मुले वाचतात’ या युक्तिवादाचे उत्तर त्या व्हरांड्यात मिळाले.

पण शाळांतले हत्याकांड हा मुलांच्या बंदूकमृत्यूंचा लहान भाग आहे. २०२० मध्ये अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक ठरले. मोटार अपघात मागे पडले. त्या वर्षी ४,३०० हून अधिक मुले आणि किशोरवयीन बंदुकीने गेले. साधारण दोन-तृतीयांश खून, आणि उरलेल्यांत बहुतांश आत्महत्या. खून झालेल्यांत काळी मुले त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्या मृत्यूवर दोन दिवसांची चर्चा होत नाही, कारण ते रोज मरतात आणि गरीब वस्तीत मरतात.

मोटारीचे मृत्यू का घटले? कारण देशाने ते मोजले, अभ्यासले, पट्टे आणि मुलांसाठी वेगळ्या खुर्च्या सक्तीच्या केल्या. बंदुकीच्या बाबतीत उलट घडले. घरात बंदूक असेल तर त्या घरात खुनाचा धोका वाढतो, असे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये काँग्रेसने आरोग्य खात्याच्या रोगनियंत्रण केंद्राला बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरण्यास मनाई केली आणि संशोधनावर खर्च होत होता तेवढाच, २६ लाख डॉलरचा निधी कापला. वीस वर्षांहून अधिक काळ हे संशोधन जवळजवळ थांबले. जी गोष्ट मोजली की सत्तेची अडचण होते ती मोजूच द्यायची नाही, ही रीत जातनिहाय जनगणनेच्या संदर्भात आपण अनुभवतोच.

आणि हक्काचा रंग अजून गेलेला नाही. ओहायोत प्रौढ माणसाला उघडपणे बंदूक घेऊन फिरता येते. त्याच राज्यात क्लीव्हलँडच्या बागेत नोव्हेंबर २०१४ मध्ये खेळण्यातली बंदूक घेऊन खेळणाऱ्या १२ वर्षांच्या तामिर राईसवर पोलिसांनी गाडी थांबल्यावर दोन-तीन सेकंदांत गोळी झाडली. पोलिसांवर खटला चालला नाही. गोऱ्या प्रौढाच्या हातातली खरी बंदूक हक्क, आणि काळ्या लेकराच्या हातातले खेळणे मृत्युदंड.

बाबासाहेबांनी काय ठरवले?

‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारले आणि म्हणून इथे सामाजिक क्रांती झाली नाही. काही तरुण एवढेच वाचून थांबतात. त्याच विवेचनात बाबासाहेब शस्त्राच्या संदर्भात सैनिकी सेवेबद्दल बोलतात, आणि तिच्या जोडीला राजकीय शक्ती व शिक्षण मांडतात. १८९० च्या दशकात बंद झालेली महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. शस्त्र हवे ते सार्वजनिक संस्थेत, कायद्याच्या शिस्तीत आणि समान भरतीतून.

शस्त्र बाळगण्याचा हक्क काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. प्रत्येकाला बाजारातून वाटेल ती शस्त्रे घेता येऊ लागली तर राज्य चालणार कसे, आणि सराईत गुन्हेगारही हाच हक्क सांगतील त्याचे काय, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. म्हणून आज कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख येतो तो सभा ‘विनाशस्त्र’ भरवण्याच्या हक्कात. शस्त्रे मोकळी झाली तर ती आधी कोणाच्या वाड्यात जमतील, हे आपल्या लोकांनी ओळखायला हवे. १९९७ मध्ये बिहारच्या लक्ष्मणपूर-बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना मारले. त्यांत मुले होती.

मग अत्याचारग्रस्तांनी काय करायचे? अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. त्यात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने देण्याची तरतूद आहे. पण त्याच नियमात, त्याच्या आधी, अत्याचारप्रवण भागातल्या इतरांचे परवाने रद्द करून शस्त्रे जमा करण्याची आणि बेकायदा शस्त्रे जप्त करण्याची तरतूद आहे. आपल्या निवेदनांत पहिली मागणी असते परवान्याची. आमचे म्हणणे असे की पहिली मागणी ही दुसरी असावी. एका खोलीच्या घरात चार लेकरे झोपतात, तिथे बंदूक कुठे ठेवणार आणि कुलूप कशाला लावणार? परीक्षेत नापास झालेल्या, घरात भांडून बसलेल्या पोराच्या हाताला ती लागली तर कोणता हक्क सांगणार?

स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही सोडलेला नाही; कायद्यानेही तो दिला आहे. पण संरक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, आणि ती आपल्या घरातल्या पेटीत ढकलून राज्याला मोकळे करायचे नाही. पुढच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्याल तेव्हा नियम ३ प्रमाणे तुमच्या तालुक्यात किती परवाने रद्द झाले आणि किती शस्त्रे जमा झाली, ते माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर ‘शून्य’ आले तर आंदोलन तिथून सुरू करा.