आगळ आणि कुलूप

मराठी वर्तमानपत्रांतली काही वाक्यं वर्षानुवर्षं बदलत नाहीत. "दरवाजाचा कुलूप-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी..." हे त्यातलंच एक. आतल्या पानावर चार ओळींची बातमी, शेवटी "अधिक तपास सुरू आहे". संपलं.

पण मंडळी, ते वाक्य जरा नीट वाचा. कुलूप बिचारं बहुतेक वेळा शाबूत असतं. तुटतो तो कोयंडा, नाहीतर कडी. पाचशे रुपयांचं कुलूप आणि ते अडकवायला चार बारक्या स्क्रूंवर ठोकलेला वीस रुपयांचा कोयंडा! पहारीचा एक हिसका बसला की कुलपासकट सगळं हातात येतं.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचं गावचं घर. नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, इतरांसाठी सांगते. वर्षातले अकरा महिने बंद असलेलं, वाईकडचं जुनं घर. मागच्या पावसाळ्यात ते फुटलं. बंब, दोन घंगाळी, देवघरातली समई, असं तांब्या-पितळेचं किडूकमिडूक गेलं. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "काय बसवायचं" यावर चर्चा चालू आहे. कुणी कॅमेरे म्हणतं, कुणी लोखंडी दार, कुणी म्हणतं विकूनच टाका. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. पण आपल्या आधीच्या लोकांनी घरं कशी राखली हे बघावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

सुरुवात शब्दांपासून. कुलूप हा शब्द अरबीतल्या 'कुफ्ल'वरून आला. चावी पोर्तुगीजांकडून आली. दाराची खरी जुनी वस्तू म्हणजे आगळ, संस्कृतातली अर्गला. दाराच्या मागे आडवा सरकवायचा जाड लाकडी वासा. एका बाजूच्या भिंतीत त्याच्यासाठी लांब खोबण असते, दिवसा तो तिथेच आत ढकललेला असतो. रात्री ओढून दुसऱ्या बाजूच्या खोबणीत बसवला की झालं. त्याला किल्ली नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. बाहेरून धक्का मारणाऱ्याला भिंतच ढकलावी लागते.

फक्त एक अट आहे. आगळ आतूनच लागते. म्हणजे ती लावायला घरात माणूस पाहिजे.

कुलपं तेव्हा नव्हती असं नाही. पेटीला होती, कोठीला होती, जामदारखान्याला तर होतीच. टाळं हा शब्दही जुनाच आहे. पण राहत्या घराच्या मुख्य दाराला बाहेरून कुलूप घालून सगळ्यांनी निघून जायचं, ही कल्पनाच त्या घरांच्या रचनेत नाही. वाड्याचं दार कसं असतं आठवा. मोठा दरवाजा सहसा बंदच, त्यात एक छोटी दिंडी. तिच्यातून आत यायचं तर वाकावं लागतं, उंबरा ओलांडावा लागतो. आत येणाऱ्याचं डोकं आधी येतं आणि हात मागाहून! (याहून चांगली व्यवस्था मला तरी सुचत नाही.) आत देवडी, तिथे माणूस बसलेला. रस्त्याच्या बाजूला तळमजल्याला खिडक्या नाहीत, असल्या तर उंचावर आणि गजांच्या. सगळा उजेड आतल्या चौकातून. माजघर अंधारं आणि घराच्या पोटात, किमती वस्तू तिथे. जिन्याच्या तोंडावर झडप. ती वरून पाडली की माडी वेगळी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर खिळे आहेत, ते सैन्यासाठी. साध्या गृहस्थाच्या वाड्याला हत्तीची भीती नव्हती, त्याला भीती होती भिंतीची.

'घरफोडी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली फोड ऐकूच येत नाही. चोर दाराच्या वाटेला जातच नसत. दोन-अडीच फुटांची असली तरी भिंत मातीची. मागच्या बाजूने रात्रभर शांतपणे खणत बसलं की माणूस जाईल एवढं भोक पडतं. संस्कृतातल्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या घरात शिरतो तोही असाच. तिसऱ्या अंकात तो भिंतीला कुठल्या आकाराचं भोक पाडावं याचा शास्त्रोक्त विचार करतो आणि मापायला दोरी आणली नाही म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. हे सगळं नाटकात ठीक. पण १८६० सालच्या इंडियन पीनल कोडात कलम ४४५ काढून बघा. घरफोडी म्हणजे काय हे समजवायला दिलेलं पहिलंच उदाहरण आहे भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचं. दारातल्या भोकातून तार घालून कडी उचलणारा त्याच्यानंतर येतो. हरवलेली किल्ली सापडलेला त्याच्याही नंतर. ती दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पण त्या उदाहरणांचा क्रम हा मला घराचा इतिहासच वाटतो. आधी भिंत, मग कडी, मग किल्ली.

भिंत फोडणाऱ्यावर उपाय काय? कान. रात्री कुणीतरी जागं असणं, निदान सावध झोपणं. गावोगावच्या राखणदाराचं नावच मुळी जागल्या. पेशवाईत पुण्याला रात्री तोफ होई आणि त्यानंतर रस्त्यावर फिरणारा पकडला जाई. पुणे, सातारा, पुरंदर या बाजूला रखवालीचं काम पिढ्यान्‌पिढ्या रामोशांकडे होतं. ते नुसता पहारा देत नसत. चोरी झालीच तर पावलांचा माग काढत जायचं, माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की तो तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग लागलाच नाही तर भरपाईची वेळही यायची. म्हणजे पोलीस आणि विमा एकाच माणसात! इंग्रज आल्यावरही पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर रामोशीच रखवालदार होते.

इथे "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या" ही म्हण लोक हटकून काढतात. मला ती इथे आवडत नाही. इंग्रजी अमलात किल्ल्यांवरची आणि गावांवरची रखवाली गेली, वतनं आणि हक्क गेले. त्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ सालच्या कायद्याने इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९११ नंतर त्याचं जाळं देशभर पसरलं. सोलापूरला तर अशा लोकांची वसाहतच तारेच्या कुंपणात होती. घराभोवती कुंपण घालायच्या ऐवजी माणसांभोवती घातलं! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि ही मंडळी 'विमुक्त' झाली. रामोशी आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. आणि 'भामटा' हे एका जमातीचं नाव आपण आजही शिवीसारखं वापरतो, कुणाला काही वाटत नाही. असो.

आता घरातल्या जागल्याकडे येते. आगळ आतून लागते, म्हणजे कुणीतरी आत पाहिजे, हे वर म्हटलं. ते कुणीतरी कोण?

आमच्या घरी ती आत्याआजी होती. आजोबांची धाकटी बहीण, विशीच्या आत विधवा होऊन परत आलेली. मी तिला शेवटची दहा-बारा वर्षं पाहिली. रात्री दाराला आगळ घालून झाली की ती दारामागे पितळेची कळशी ठेवायची, कळशीवर तांब्या, तांब्यावर फुलपात्र. दार जरा हललं तरी फुलपात्र खाली. आजच्या अलार्मचं याहून वेगळं काय काम असतं? आम्हा पोरांना ते फुलपात्र मुद्दाम पाडायची फार हौस.

पण घरात कुणाचं लग्न निघालं, कुणी पंढरपूरला निघालं, की एक वाक्य ठरलेलं असे. "घर राखायला कुणीतरी हवं ना." ते कुणीतरी कोण हे कधी विचारावं लागत नसे. माझ्या आईच्या लग्नात ती नव्हती, ज्या भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्याही लग्नात नव्हती. विधवा म्हणून मांडवात नको हे एक कारण होतंच, पण ते कुणी तोंडाने म्हणायचं नाही. घर राखायचं हे म्हणायला सोपं. "पूर्वी आमच्या घराला कधी कुलूप लागलं नाही" असं अभिमानाने सांगणारे लोक भेटले की मला विचारावंसं वाटतं, मग तुमच्याकडे घरी कोण राहत होतं?

म्हणून मला कुलपाबद्दल आदर आहे. दाराबाहेरून लागणारं, विश्वास ठेवण्याजोगं कुलूप सामान्य घरात यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तिकडे इंग्लंडात कुलपांचं वेड आधीपासून. पोर्ट्समथच्या गोदीत १८१७ साली चोरी झाली आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी चुकीची किल्ली फिरवली की अडकून बसणारं आणि मालकाला तसं कळवणारं कुलूप काढलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते काही मिनिटांत उघडून दाखवलं. मग ब्रामा कंपनीचं वर्षानुवर्षं दोनशे गिनीच्या पैजेवर खिडकीत ठेवलेलं कुलूपही उघडलं. पण त्याला लागले एकूण ५१ तास, सोळा दिवसांत मिळून. पैज हॉब्ज जिंकला, तरी मला वाटतं जिंकलं कुलूपच. ५१ तास कुणाच्या दारात बसून काम करू देणारे शेजारी कुठे असतात?

आपल्याकडे १८९७ साली मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला, १९०२ पासून तिजोऱ्या. मुंबई तेव्हा वाढत होती. गिरणीत, हपिसात, माणसं दिवसभर बाहेर जायला लागली होती. चाळीत अर्थात गॅलरीतले शेजारीच जागले, दारं दिवसभर उघडी. कुलपाची खरी गरज लागली ती फ्लॅटमध्ये, नवरा-बायको दोघंही कामाला जायला लागल्यावर.

आणि कुलपाचा एक मोठा दोष तेव्हाच उघडा पडला. आगळ बाहेरून दिसत नाही. आत माणूस आहे की नाही, चोराला कळत नाही. लोंबतं कुलूप मात्र रस्त्यावरून ओरडून सांगतं, घरी कुणी नाही! म्हणून दाराच्या आत बसणारं कुलूप बाहेरच्या लोंबत्या कुलपापेक्षा बरं, मग ते कितीही लिव्हरचं असो. त्यातही नुसत्या ओढून घेतल्यावर लागणाऱ्या लॅचवर भरवसा नको. त्याची तिरपी जीभ प्लॅस्टिकच्या पट्टीनेही मागे सरते. किल्ली फिरवल्यावर चौकटीत खोल जाणारी सरळ जीभ हवी. म्हणजे थोडक्यात लहानशी आगळच, फक्त बाहेरून लावता येणारी.

दादाने कॅमेऱ्यांचं कोटेशन पाठवलंय. माझं म्हणणं मी ग्रुपवर लिहिलंय, इथेही लिहिते. कॅमेरा नंतर चेहरा दाखवेल, पण गावात वीज गेली की तोही झोपणार. त्यापेक्षा आधी मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं आणि मोडकी शिडी हलवा. माडीच्या खिडकीपर्यंत ती आपणच जिना करून ठेवली आहेत. कोयंडा स्क्रूवर नको, दाराच्या आरपार बोल्ट घालून आतून नट बसवा. मागच्या दाराला आगळीची खोबण अजून आहे, वासा तेवढा वाळवीने खाल्लाय. गावात सुतार आहे, सागाचा नवा करून देईल. मागचं दार आतून आगळीने बंद आणि पुढच्याला चौकटीत जाणारं कुलूप, एवढं या दिवाळीआधी होऊ शकतं.

आणि पुढच्या दोन खोल्यांसाठी गावच्या शाळेतल्या बाईंनी विचारलंय. त्यांना स्वयंपाकघर स्वतंत्र हवंय आणि पाण्याचं कनेक्शन. भाडं फार येणार नाही. पण त्या सुट्टीत त्यांच्या माहेरी जाणार, दिवाळीत जाणार, आणि जाताना आपल्याला फोन करून सांगणार, एवढं मी त्यांच्याशी बोलून घेतलंय. घर राखायचं काम त्यांच्या गळ्यात नाही, हेही स्पष्ट सांगितलंय. काका, तुमचा होकार तेवढा बाकी आहे. लवकर कळवा.