ज्यूरीची मालिका आणि ज्यूरीचा न्याय

'पांचामुखीं परमेश्वर' ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळली आहे कीं, तिच्यामागें एक संपूर्ण न्यायपद्धति उभी होती याचें भान सहसा राहत नाहीं. पांच माणसें एकत्र बसलीं, त्यांनीं दोन्ही बाजू ऐकल्या आणि एका मुखानें निर्णय सांगितला, म्हणजे तो देवाचा कौल समजावा, अशी ही श्रद्धा. हीच श्रद्धा इंग्लंडांत ज्यूरीच्या रूपानें नांदली, तेथून अमेरिकेंत गेली, इंग्रजी राज्याबरोबर मुंबईंत आली आणि अलीकडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरहि चढली. पडद्यावरील तिचें राज्य मात्र औट घटकेचें ठरलें. 2005 सालीं अमेरिकेंत सुरू झालेली 'लॉ अँड ऑर्डर : ट्रायल बाय ज्यूरी' ही मालिका अवघ्या तेरा भागांत आटोपली. एका मालिकेच्या मरणाची ही वार्ता वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यूरी कशानें जगते आणि कशानें मरते, हें समजून घ्यावयाचें असेल, तर या अल्पायुषी मालिकेशेजारीं आपल्याकडील ज्यूरीचा इतिहास ठेवून पाहणें उद्बोधक ठरेल.

या मालिकेचें घराणें मोठें. डिक वुल्फ या निर्मात्यानें 1990 च्या सप्टेंबरांत एन. बी. सी. या वाहिनीवर 'लॉ अँड ऑर्डर' ही मूळ मालिका सुरू केली. तिची घडण अगदीं साधी होती. पूर्वार्धांत न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं गुन्ह्याचा माग काढावा, आणि उत्तरार्धांत सरकारी वकिलांनीं तो गुन्हा कोर्टांत शाबीत करावा. ही घडण लोकांना इतकी रुचली कीं, मूळ मालिका 2010 पर्यंत अखंड वीस वर्षें चालली आणि 2022 सालीं पुन्हां सुरू झाली. वडाच्या पारंब्या खालीं येऊन त्यांचे स्वतंत्र बुंधे व्हावे, तशा तिच्यापासून नव्या मालिका निघाल्या. 1999 सालीं 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' आली, 2001 सालीं 'क्रिमिनल इन्टेन्ट' आली. या दोहोंचा भर पोलिस तपासावर होता. कोर्टाची बाजू उरली होती. ती तिसऱ्या पारंबीनें उचलली.

3 मार्च 2005 रोजीं 'ट्रायल बाय ज्यूरी'चा पहिला भाग दाखविण्यांत आला. बेबे न्यूवर्थ या अभिनेत्रीनें सरकारी वकील ट्रेसी किब्री हिची भूमिका केली. तिच्या वरिष्ठाचें काम फ्रेड थॉम्पसन यांजकडे होतें. हे गृहस्थ स्वतः वकील असून अमेरिकेच्या सेनेटचे सभासद राहिलेले होते. मूळ मालिकेंत बारा वर्षें लेनी ब्रिस्को नांवाचा पोलिस अधिकारी रंगवून घरोघरीं प्रिय झालेला नट जेरी ऑरबाख याला या नव्या मालिकेंत आणलें होतें. परंतु मालिका पडद्यावर येण्यापूर्वींच, 28 डिसेंबर 2004 रोजीं, कर्करोगानें त्याचें निधन झालें. पहिल्या दोन भागांत तो दिसतो, तो मरणोत्तर.

या मालिकेचें वेगळेपण असें कीं, तिनें खटल्याची आंतली बाजू उघडी केली. मूळ मालिकेंत प्रेक्षक सरकारी वकिलाच्या खांद्याआडून खटला पाहत असे. येथें बचावाच्या वकिलांच्या खोलींतहि त्याला प्रवेश होता. कोणता पुरावा पुढें करावा, कोणता दडवावा, ज्यूरींत कोणती माणसें घ्यावीं आणि कोणतीं गाळावीं, ही दोन्ही पक्षांची खलबतें त्याला ऐकूं येत. कधीं कधीं तर ज्यूरीच्या बंद दाराआडचा वादहि दाखविला जाई. सत्य एकच असतें; पण ज्यूरीपुढें त्याच्या दोन गोष्टी रचल्या जातात, आणि बारा सामान्य माणसांना त्या दोहोंतून एक निवडावी लागते, हा त्या मालिकेचा खरा विषय होता.

विषय चांगला, पण तो टिकला नाहीं. शुक्रवारीं रात्रीं दहाची वेळ तिच्या वांट्यास आली. पुरेसा प्रेक्षक मिळेना, म्हणून मे महिन्यांत वाहिनीनें ती रद्द केली. 'लॉ अँड ऑर्डर' हें नांव धारण करणाऱ्या मालिकांपैकीं रद्द होणारी ही पहिलीच. तयार झालेल्या तेरा भागांपैकीं बारा एन. बी. सी.नें दाखविले, तेरावा 21 जानेवारी 2006 रोजीं कोर्ट टीव्ही या दुसऱ्याच वाहिनीवर उरकण्यांत आला. तिच्यासाठीं उभारलेल्या कोर्टाच्या देखाव्यांत वुल्फनें 2006 सालीं 'कन्व्हिक्शन' नांवाची तरुण वकिलांची मालिका उभी केली. तीहि तेरा भागांतच संपली.

या अपयशास वेळ, चढाओढ, लोकप्रिय नटाचा मृत्यु अशीं कारणें दाखवितां येतील. परंतु एक अडचण विषयांतच होती. पोलिस धांवतो, वकील गर्जतो, साक्षीदार रडतो, आरोपी घामाघूम होतो. ज्यूरर काय करतो? तो ऐकतो. ऐकणारा माणूस हा न्यायाचा प्राण असला, तरी नाटकाचा नायक होणें त्याला कठीण जातें. ज्यूरीची खरी कसोटी कोर्टाबाहेरचें कांहीं न ऐकणें ही आहे, आणि नाटकाचा जीव तर तेंच बाहेरचें ऐकविण्यांत असतो. हा विरोध अमेरिकेंत एका मालिकेला भोंवला. आपल्याकडे तो प्रत्यक्ष ज्यूरीलाच भोंवला.

महाराष्ट्राला सामान्यांच्या न्यायाची ओळख इंग्रजांनीं करून दिली असें मात्र नव्हे. शिवकाळापासून वतनाचे तंटे गोतसभेपुढें चालत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत. निर्णयाचा महजर लिहिला जाई. ज्याला सही येत नसे तो आपल्या धंद्याचें चिन्ह काढी, आणि पाटील नांगर काढी. जतच्या डफळ्यांकडे देशमुखीचें वतन आदिलशाहीपासून होतें. अशा देशमुखांचें गोतसभेंत मानाचें स्थान असे. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं 1819 च्या आपल्या अहवालांत पंचायतीचे गुणदोष दोन्ही मांडले आणि दिवाणी तंट्यांसाठीं ती राखावी असा कल दाखविला. जतच्या डफळ्यांशीं 1820 सालीं कंपनीचा करार झाला, तो याच काळांत. परंतु 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर इंग्रजी मुलखांत लेखी कायदा व पगारी न्यायाधीश यांचें वर्चस्व वाढलें आणि पंचायत मागें पडली. आज पंच उरला आहे तो पोलिसांच्या पंचनाम्यांत. पण तो निर्णय देणारा नव्हे, नुसता पाहणारा.

मुंबईच्या हायकोर्टांत जी ज्यूरी बसे, ती विलायती साच्याची. तिचा सर्वांत कटु अनुभव लोकमान्य टिळकांना आला. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यांत नऊ ज्यूररांपैकीं सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते; निकाल 6 विरुद्ध 3 असा लागला. 1908 च्या खटल्यांत सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. निकाल 7 विरुद्ध 2. खटला होता 'केसरी'तील मराठी लेखांवरचा, आणि ज्यूरीचा भरंवसा होता इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनीं स्वतः अनेक दिवस भाषण करून ही विसंगति दाखविली. तरी 22 जुलै 1908 रोजीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली गेली. ज्यूरी आपल्या बरोबरीच्या माणसांची असावी, हें तिचें मूळ तत्त्व. ज्यांना आरोपीची भाषाच येत नाहीं, ते त्याचे पंच कसले?

स्वातंत्र्यानंतर ज्यूरी आपल्या माणसांची झाली, पण तिच्यापुढें दुसरेंच संकट उभें राहिलें. 27 एप्रिल 1959 रोजीं नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनीं प्रेम आहुजा याला मुंबईंत गोळ्या घालून ठार केलें आणि ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकानें उघडपणें नानावटींचा कैवार घेतला. गणवेषांतील रुबाबदार अधिकारी, फसवणूक झालेला नवरा, धनिक आणि विलासी प्रतिस्पर्धी, अशीं पात्रें ठरून गेलीं. खटला कोर्टांत उभा राहण्यापूर्वींच त्याचें नाटक शहरभर गाजत होतें. नऊ ज्यूररांनीं 8 विरुद्ध 1 मतानें आरोपी निर्दोष ठरविला. सेशन्स न्यायाधीशांस हा निर्णय पुराव्याशीं विसंगत वाटला, आणि कायद्यानें दिलेल्या अधिकारानुसार त्यांनीं तो खटला हायकोर्टाकडे पाठविला. तेथें सरकारची बाजू मांडणाऱ्यांत यशवंत विष्णु चंद्रचूड होते. तेच पुढें 1978 सालीं भारताचे सरन्यायाधीश झाले. 11 मार्च 1960 रोजीं हायकोर्टानें जन्मठेप दिली. 24 नोव्हेंबर 1961 रोजीं सुप्रीम कोर्टानें ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांमध्यें जवळजवळ तीन तास गेले होते. एवढा अवधि मन ताळ्यावर येण्यास पुरेसा होता, असें कोर्टानें म्हटलें. पुढें 1964 सालीं राज्यपालांनीं नानावटींना माफी दिली.

याच खटल्यामुळें भारतांतील ज्यूरी एका दिवसांत बंद झाली, असा समज फार पसरलेला आहे. तो खरा नव्हे. कायदा आयोगानें 1958 सालींच, म्हणजे आहुजाच्या खुनाच्या आदल्या वर्षीं, ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. आणि नानावटी खटल्यानंतरहि कांहीं ठिकाणीं ज्यूरीपुढें खटले चालले. अखेर 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत तिला स्थान उरलें नाहीं, आणि ही संहिता 1 एप्रिल 1974 पासून अमलांत आली. 1936 च्या पारशी विवाह कायद्यानें न्यायाधीशाच्या जोडीला समाजाचे प्रतिनिधि बसविण्याची सोय केली. तेवढाच त्या परंपरेचा अंश शिल्लक राहिला.

ज्यूरी गेली, पण कोर्टाचें नाटक गेलें नाहीं. 1967 सालीं विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आलें. त्यांत हौशी नटमंडळी गंमत म्हणून खोटा खटला चालवितात, आणि पाहतां पाहतां एका अविवाहित शिक्षिकेचें खाजगी आयुष्य त्या खोट्या कोर्टांत खरेंच फाडलें जातें. 1986 सालीं बासु चटर्जी यांनीं 'एक रुका हुआ फैसला' हा चित्रपट अमेरिकन नाटकावरून केला. त्यांत बारा ज्यूरर एका मुलाचा जीव तोलतात, जरी त्या वेळीं या देशाच्या फौजदारी कोर्टांत एकहि ज्यूरर बसत नव्हता. 2019 सालीं नानावटी खटल्यावर स्वतंत्र मालिकाहि निघाली. याच्या उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या 2014 च्या मराठी चित्रपटांत ना ज्यूरी आहे, ना गर्जणारा वकील. आहेत त्या तारखांमागून तारखा, आणि त्यांत झिजणारा एक म्हातारा शाहीर.

अमेरिकेंत ज्यूरी राहिली आणि तिची मालिका गेली. आपल्याकडे ज्यूरी गेली आणि तिचीं नाटकें राहिलीं. या विरोधाभासांतला बोध करमणुकीपुरता नाहीं. ज्यूरर शपथ घेऊन बसे. त्याला दोन्ही पक्ष ऐकावे लागत, शंकेचा फायदा आरोपीस द्यावा लागे, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करावयास वर हायकोर्ट असे. आज घराघरांत दूरचित्रवाणीसमोर संध्याकाळीं जी ज्यूरी बसते, तिला यांपैकीं एकहि बंधन नाहीं. खटला उभा राहण्यापूर्वीं ती निकाल देते आणि दुसऱ्या दिवशीं तो विसरून नव्या खटल्याकडे वळते. ज्याच्याविरुद्ध तो गेला त्याच्या कपाळीं मात्र तो कायमचा राहतो. 1959 च्या मुंबईंत नऊ माणसांना बाहेरचा कोलाहल थोपवितां आला नाहीं, म्हणून आपण त्यांस दोष देतों. त्या कोलाहलांत आपला आवाज किती, हें क्वचितच विचारतों.

जतसारख्या मुलखांत संस्थानी अंमल जाऊन 1948 सालीं विलीनीकरण झालें, दक्षिण सातारा जिल्हा बनला, त्याचा पुढें सांगली झाला. पण गांवच्या पारावर पंच हा शब्द अजून आदरानें उच्चारला जातो. तो आदर पांच या संख्येला नव्हे. दोन्ही बाजू पुऱ्या ऐकेपर्यंत तोंड न उघडण्याचा जो संयम पंचाच्या अंगीं असावा लागतो, त्याला तो आहे.