उद्याचे यंत्र आणि आजचे सूत

नागपूरकरांना चरख्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात ज्या ध्वजासाठी याच शहरात शेकडो लोक तुरुंगात गेले, त्यावर चरख्याचेच चित्र होते. परंतु ध्वजावरचा चरखा निराळा आणि कातणारीच्या पुढ्यातला निराळा. या दुसऱ्या चरख्याची हकीगत आम्ही येथे मांडीत आहोत. अवजार कोणत्या गरजेसाठी घडवावे, हा प्रश्न तिच्यात उभा राहतो.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र झोपडीत चालावे, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि ते २० वर्षे टिकावे, अशा अटी होत्या. आजचे काम, उद्याचे उत्पन्न आणि वीस वर्षांचा टिकाऊपणा हे सारे एकाच यंत्राकडे एकदम मागितले गेले. किर्लोस्करांसारख्या नामवंत कारखानदारांचे यंत्रही कसोटीस उतरले नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

तोवर कातणारीने काय करावे? १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. मोठ्या चाकाचा चरखा जागा अडवितो, प्रवासात नेता येत नाही, ही त्या घडीची अडचण होती. तेथील प्रयोगांतून दोन लहान चाकांचा, पेटीत मिटणारा येरवडा चरखा आकारास आला. पुढे गांधीजी शेजारच्या सेवाग्रामास राहत असता त्यांच्या सहवासातील पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांनी धनुष तकली तयार केली. तिच्यात चाकच नाही. धनुष्य पुढेमागे ओढले की चाती फिरते. बांबू तर गावोगाव मिळे.

मग दूरचे पाहूच नये काय? तसे नव्हे. एकाहून अधिक चात्यांचा अंबर चरखा १९५० नंतर देशभर पसरलाच. पण तोपर्यंत सूत निघत राहिले ते या साध्या साधनांवर.

आज मिहानमध्ये बसून इतर संगणकतज्ज्ञांसाठी अवजारे तयार करणाऱ्या तरुणांनाही तोच मोह पडतो: पुढे कधी लागेल म्हणून आजच चार कळा अधिक जोडाव्यात. त्या कळांचा भार मात्र आजच वापरणाऱ्याला उचलावा लागतो. त्यांनी एकदा सेवाग्रामास जाऊन यावे, असे आम्ही सुचवितो. हातात पेळू धरून बसलेल्या माणसाला आज काय अडते, एवढे आधी विचारले, तर निम्मे काम झाले.