परिवीक्षा आणि तुरुंगवासाचे पर्याय (युरोप)

परिवीक्षा आणि तुरुंगवासाचे पर्याय (युरोप) : दोषी ठरलेल्या व्यक्तीस तुरुंगात न पाठविता, ठराविक मुदतीपर्यंत, न्यायालयाने घातलेल्या अटींवर आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समाजातच राहू देण्याची न्यायपद्धती म्हणजे परिवीक्षा. शिक्षेची अंमलबजावणी स्थगित ठेवणे, विनावेतन समाजसेवा, मिळकतीच्या प्रमाणात आकारलेला दिनदंड, इलेक्ट्रॉनिक देखरेख आणि पीडित व अपराधी यांच्यातील मध्यस्थी हे उपायही याच वर्गात येतात. १९६० च्या दशकापासून युरोप परिषदेने आणि पुढे युरोपीय संघाने त्यांचा सातत्याने पुरस्कार केला आहे. मात्र पर्यायांची यादी लांबली म्हणून तुरुंग आपोआप रिकामे होत नाहीत, हे युरोपच्याच अनुभवावरून दिसते. कायद्यात नवा पर्याय कोणत्या जागी बसविला जातो आणि त्यासाठी माणसे किती दिली जातात, यावर सारे अवलंबून असते.

इंग्लंडमध्ये या पद्धतीचा उगम मद्यपानविरोधी चळवळीत झाला. हर्टफर्डशर परगण्यातील फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने १८७६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या मद्यपाननिषेध संस्थेकडे पाच शिलिंग पाठविले आणि दारूपायी पुन्हापुन्हा न्यायालयासमोर उभ्या राहणाऱ्या लोकांसाठी काही करावे, अशी विनंती केली. संस्थेने लंडनच्या पोलीस न्यायालयांत मिशनरी नेमले. ते आरोपीची विचारपूस करीत, त्याची परिस्थिती दंडाधिकाऱ्याच्या कानावर घालीत आणि त्याला कामधंदा मिळवून देण्यासाठी खटपट करीत. प्रथम अपराध्यांना चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची सोय १८८७ च्या कायद्याने झाली. देखरेखीची तरतूद मात्र १९०७ च्या कायद्याने आली. अपराध्याला सल्ला देणे, मदत करणे आणि त्याच्याशी मैत्री जोडणे ही परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये या कायद्याने ठरविली. अपराध्याशी मैत्री हे अधिकाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य ठरावे, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. आयर्लंडमध्ये हा कायदा शतक उलटल्यावरही वापरात राहिला. मुंबई इलाख्याचा १९३८ चा परिवीक्षा कायदा आणि भारताचा अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हे याच परंपरेतले होत.

युरोपच्या मुख्य भूमीवर वेगळी वाट निघाली. बेल्जियममध्ये न्यायमंत्री झ्यूल लजन यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये आणि फ्रान्समध्ये सिनेटर रने बेराँझे यांच्या प्रयत्नाने १८९१ मध्ये स्थगित शिक्षेचे कायदे झाले. न्यायालय शिक्षा सुनावी, पण ठराविक काळात नवा गुन्हा घडला तरच ती भोगावी लागे. यात धाक होता, पण सोबतीला कोणी नव्हते. फ्रान्सने शिक्षा-स्थगितीला देखरेखीची जोड १९५८ मध्ये दिली. समाजसेवेची शिक्षा ही पुन्हा ब्रिटिश देणगी. बार्बरा वूटन यांच्या समितीच्या १९७० च्या अहवालानंतर १९७२ च्या कायद्याने ४० ते २४० तासांचे विनावेतन काम देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला आणि ही कल्पना युरोपभर पसरली.

युरोप परिषदेने १९६४ मध्ये सशर्त शिक्षा झालेल्या वा सशर्त सुटलेल्या व्यक्तींच्या देखरेखीबाबत करार केला. समाजाधारित शिक्षांचे युरोपीय नियम १९९२ मध्ये आले. २०१७ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. २०१० च्या युरोपीय परिवीक्षा नियमांत अपराध्याशी विश्वासाचे नाते जोडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता कमी करणे, हे परिवीक्षा यंत्रणेचे ध्येय मानले आहे. प्रत्येक अधिकाऱ्याकडे प्रकरणे इतकीच असावीत की त्याला ती नीट हाताळता येतील, असेही ते सांगतात. हे नियम शिफारसवजा असल्याने सदस्य देशांवर बंधनकारक नाहीत. तरीही ज्या देशांनी कम्युनिस्ट राजवटी कोसळल्यानंतर आपली परिवीक्षा यंत्रणा नव्याने उभारली, त्यांना युरोप परिषदेच्या नियमांचा मोठा आधार झाला. चेक प्रजासत्ताकाची सेवा २००१ मध्ये, तर लॅटव्हियाची २००३ मध्ये सुरू झाली.

फिनलंडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५० च्या दशकात तेथे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे २०० कैदी होते. शेजारच्या नॉर्डिक देशांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी जास्त होते. इन्केरी अँटिला यांच्यासारख्या गुन्हेशास्त्रज्ञांनी ही स्थिती देशाला शोभत नाही असे ठामपणे मांडले आणि न्यायाधीश, अधिकारी व राजकारणी यांनी ते मान्य केले. चोरीच्या शिक्षा सौम्य झाल्या, शिक्षा-स्थगितीचा वापर वाढला आणि १९९० च्या दशकाअखेर प्रमाण ६० च्या आसपास आले. या काळात फिनलंडमधील गुन्ह्यांचा आलेख शेजारच्या देशांसारखाच चढला-उतरला; म्हणजे कैदी कमी झाल्याने गुन्हे वाढले, असे दिसत नाही. समाजसेवेचा प्रयोग १९९१ मध्ये सुरू झाला तेव्हा कायद्याने एक साधी खबरदारी घेतली. न्यायाधीशाने आधी आठ महिन्यांपर्यंतची प्रत्यक्ष कैद ठरवायची आणि मगच ती समाजसेवेत बदलायची; एका दिवसाच्या कैदेला एक तास काम. त्यामुळे ज्याला एरवी केवळ दंड झाला असता, त्याच्यावर समाजसेवा लादण्यास वाव उरला नाही.

जेथे अशी खबरदारी नाही तेथे काय होते, ते अनेक देशांच्या आकड्यांवरून दिसते. देखरेखीखालील लोक वाढतात आणि कैद्यांची संख्याही खाली येत नाही. गुन्हेशास्त्रात याला जाळे रुंदावणे म्हणतात. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी हा धोका फार आधी दाखविला होता. पायातील इलेक्ट्रॉनिक कड्याच्या बाबतीत तो विशेष जाणवतो, कारण कडे स्वस्त आणि झटपट असते, पण त्यातून घर, नोकरी किंवा व्यसनमुक्तीचा उपचार मिळत नाही.

इटलीत सुधारणेला न्यायालयीन निकालाने गती दिली. टोरेजानी खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये, कैद्याला ३ चौरस मीटरहून कमी जागा देणे ही अमानुष वागणूक आहे, असा निर्णय देऊन एका वर्षात उपाय करण्यास सांगितले. इटलीने २०१४ मध्ये प्रौढांसाठी खटला स्थगित ठेवून परिवीक्षा देण्याची सोय केली. ही परिवीक्षा यशस्वीपणे पार पडल्यास गुन्ह्याचा खटला निकाली निघतो.

उलट, ज्या इंग्लंडमध्ये ही पद्धत लवकर रुजली तेथेच तिचे मोठे नुकसान झाले. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ मध्ये मध्यम व कमी धोक्याच्या अपराध्यांची देखरेख २१ कंपन्यांकडे सोपविण्यात आली आणि परिवीक्षा सेवेचे दोन तुकडे झाले. अधिकाऱ्यांवरील ताण वाढला, प्रत्यक्ष भेटीऐवजी काही ठिकाणी दूरध्वनीवर काम भागू लागले आणि अधिकृत तपासणी अहवालांनी या रचनेवर कठोर टीका केली. तुकडे करण्याचा हा निर्णय चुकीचाच होता. जून २०२१ मध्ये संपूर्ण काम पुन्हा एकाच शासकीय परिवीक्षा सेवेकडे घेण्यात आले.