टा-४०० : कागदावरच राहिलेले अटलांटिकचे बॉम्बफेकी विमान

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या फॉक-वुल्फ कंपनीने आखलेले, पण प्रत्यक्षात कधीही न उडालेले सहा इंजिनांचे लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान. नावातील ‘टा’ ही अक्षरे रचनाकार कुर्ट टांक (१८९८-१९८३) यांच्या आडनावावरून आली. याच टांक यांनी पुढे भारतासाठी ‘मरुत’ हे लढाऊ विमान घडवले.

अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे जाणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांचा माग काढीत. त्यांना आकाशातून साथ हवी होती. हे काम टांक यांच्याच एफडब्ल्यू-२०० ‘काँडोर’वर आले. याच विमानाने ऑगस्ट १९३८ मध्ये बर्लिन ते न्यूयॉर्क हे अंतर न थांबता कापले होते. मात्र मुळात ते प्रवासी विमान. बॉम्ब आणि जादा इंधनाचा भार त्याच्या सांगाड्याला पेलवेना. उतरताना काही विमानांची पाठच मोडली. म्हणून १९४२ च्या जानेवारीत जर्मन हवाई मंत्रालयाने महासागराच्या मध्यापर्यंत मजल मारणाऱ्या विमानाची मागणी नोंदवली. बीएमडब्ल्यू ८०१ जातीची सहा इंजिने बसवायचा टा-४०० चा आराखडा त्यातूनच आला. त्यावर पॅरिसजवळच्या कार्यालयात फ्रेंच तंत्रज्ञांनीही काम केले. वातबोगद्यातील चाचणीच्या नमुन्यापलीकडे मात्र काही तयार झाले नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये मंत्रालयाने हाइंकेल कंपनीच्या एचई-२७७ ला पसंती देऊन टा-४०० रद्द केले. गंमत अशी, की ते पसंतीचे विमानही लढाईपर्यंत पोहोचलेच नाही.

युद्धानंतर टांक अर्जेंटिनात गेले. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता कोसळली आणि पुढच्याच वर्षी ते बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात दाखल झाले. तेथे त्यांना भेटलेले डॉ. विष्णू माधव घाटगे (१९०८-१९९१) हे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी जर्मनीतच, ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांनी आधीच, १९५१ मध्ये आकाशात नेले होते. मरुतचे श्रेय टांक यांना देताना ही भारतीय फळी विसरली जाते, हे योग्य नव्हे.

एचएफ-२४ मरुतने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. लक्ष्य होते ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. पण त्यासाठी हवे असलेले ऑर्फियस इंजिन ब्रिटनने पुढे विकसित केले नाही आणि भारतानेही त्याचा खर्च उचलला नाही. परिणामी कमी ताकदीच्या इंजिनांवर भागवावे लागले. तरीही १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर मरुत लढले. टांक १९६७ मध्ये परतले. घाटगे यांच्या नेतृत्वाखालील ‘किरण’ त्याआधीच, १९६४ मध्ये उडाले होते.

एक मरुत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात, तर दुसरे म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम विमान संग्रहालयात ठेवलेले आहे.