शिवेचे साक्षीदार

एखादे गाव आपल्या हातपाय चालत्या म्हाताऱ्यांना कसे वागवते हे जोखायचे, तर त्यांच्या पोटाला काय मिळते एवढेच न पाहता त्यांच्यावाचून गावाचे कोणते काम अडते हेही पाहिले पाहिजे. आणि पेशवाईअखेरचे दख्खनचे गाव या कसोटीस लावले, तर निकाल निखळ गौरवाचा नसला तरी विचार करण्याजोगा निघतो.

मिरासीचा, वतनाचा किंवा शिवेचा कज्जा उपस्थित झाला म्हणजे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे जाणते असे गोत बसे, वादी-प्रतिवादींच्या तकरीरा लिहून घेतल्या जात, आणि जेथे सनद वा जुना महजर गहाळ झालेला असे तेथे निवाड्याची सारी भिस्त वृद्धांच्या स्मरणावर येऊन पडे. महजरावर कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्या होत, त्यामुळे अक्षरओळख नसणे हा साक्षीस बाध नव्हता. हद्दीच्या तंट्यात तर महाराची साक्ष विशेष प्रमाण मानीत. ज्याला एरवी चार हात दूर उभे राहावे लागे, त्याच्याच शब्दावर सवर्णांच्या जमिनीची शीव ठरे, आणि या विसंगतीचे कोणास नवलही वाटत नसे!

उदरनिर्वाहाची तजवीज वेगळ्या वाटेने होई. खळ्यावरचे बलुते वतनदार घराण्याच्या हक्काचे असल्यामुळे, हातात वाकस पेलेनासा झालेला सुतारही घरच्या वाट्यावर जगे, आणि मुलगा तिफण सांधत असताना तिचा फण सरळ बसला की नाही हे नुसत्या नजरेने सांगे. घरातली म्हातारी टपोरी कणसे निवडून, दाण्यांना राख चोळून पुढल्या पेरणीचे बियाणे राखी. सुईणपणही बहुधा अशाच अनुभवी बाईकडे असे. मात्र ज्याला वतन नाही, मिरास नाही, त्या उपऱ्याचे किंवा निपुत्रिक विधवेचे म्हातारपण या व्यवस्थेच्या हिशेबात धड कोठेच बसत नव्हते. शिवाय बलुत्याच्या वाट्यापायी कोणाकोणाची काय ओढाताण होई, हे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त सविस्तर नोंदवलेच आहे.

वृद्धांच्या साक्षीची किंमत उतरली ती त्यांचा अनादर वाढला म्हणून नव्हे. १८३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पैमाश सुरू झाली, पुढे ती गावोगाव पसरली, बांधांवर हद्दीचे दगड आले, दप्तरी नकाशे आले. दगड मरत नाही आणि विसरतही नाही, तेव्हा म्हाताऱ्याला विचारण्याचे कारण उरले नाही. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. वेठ संपली हे सर्वथा इष्टच झाले, परंतु वतनाबरोबर उतारवयातली कामेही गेली आणि त्यांच्या जागी दुसरी योजण्याचे कोणी मनावर घेतले नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पोटाला आधार देते, काम देत नाही.

याला एक अपवाद आहे. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढास काम मागण्याचा हक्क दिला आणि त्याला वयाची वरची मर्यादा घातली नाही. तेव्हा कामांची यादी ग्रामसभेपुढे येईल त्या वेळी कामावर पाणी पाजणे, पोरे सांभाळणे, रोपांची निगा राखणे ही कामे मागणाऱ्या वृद्धांच्या नावे आधी लिहून घ्यावीत, एवढी मागणी गावकऱ्यांनी अवश्य करावी.